‘नंतर सांगू’ नावाचा नियम

४ जुलै, दुपार

दादा,

फोन आपटलास, बरं केलंस. फोनवर तुझ्याशी बोलताना माझं निम्मं वाक्य तू मध्येच गिळतोस. कागदावर तरी ते पूर्ण होईल. ई-मेल मुद्दाम केला नाही. तो तू गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उघडशील, वरच्या दोन ओळी वाचशील आणि उरलेलं तुला आधीच ठाऊक आहे असं धरून चालशील. पाकीट मात्र फोडावं लागतं.

तुझं म्हणणं असं, की मी मेल बघत नाही. कॉलेजच्या चाळीस मायक्रोस्कोपचं काम आलंय, परीक्षा तोंडावर आहेत, तू तीन वेळा लिहिलंस आणि मी ‘हवा खात फिरतेय’.

आज सकाळी काय हवा खाल्ली ते सांगते. इथल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सात मायक्रोस्कोप खोलले. पाचांच्या भिंगांवर बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. एकाचं ग्रीस सुकून डिंक झालेलं. सातव्याच्या नळीत मुंग्यांचं बिऱ्हाड होतं, अंड्यांसकट. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून दुकानाचं दुरुस्तीचं टेबल मी एकटी ओढतेय. वर्षातून दोनदा पाठीला पिशवी लावून हा दौरा करतेय. हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण कधी कधी तुला ठाऊक असलेलंच तुला सांगावं लागतं.

आता मेलचं ऐक. काल संध्याकाळी लॉजवर लॅपटॉप उघडला. इथलं इंटरनेट म्हणजे गोगलगाय, तीही लंगडी. चारशे बारा मेल उतरायला पावणेदोन तास लागले, तीनदा तार तुटली. त्यात काय होतं? टक्कल घालवणारं तेल. कुठल्याशा मेलेल्या राजपुत्राची विधवा, जिला तिची सगळी इस्टेट नेमकी मलाच द्यायची आहे. ‘तुमचं खातं आज बंद होणार’ हे अकरा तऱ्हांनी. आणि तीनशे नव्वदाव्या नंबरावर तू. तोवर माझा डेटा संपला होता आणि डोळेही.

हा कचरा येतो कुठून? त्या जाडजूड उद्योग-सूचीत आपल्या दोघांचे पत्ते कोणी छापून आणले? ‘नाव झालं पाहिजे’ म्हणून कोण नाचत होतं? झालं नाव. जगातल्या प्रत्येक भामट्याला मी पाठ आहे.

दवाखान्यात संगणकाच्या खोलीत एक बाई बसतात. निवृत्तीला सात महिने राहिलेत. समोर चार पडदे आणि मांडीवर अर्धं विणलेलं स्वेटर. त्यांच्याकडे रडगाणं गायले. त्यांनी मान वर न करता विचारलं, “गाळणी लावली नाहीत का?”

“लावलीय की. लॅपटॉपवर.”

“म्हणजे आधी सगळी घाण घरात आणायची आणि मग केर काढायचा. नळाला फडकं बांधून काय होणार? टाकीला बांधा.”

टाकी म्हणजे सर्व्हर. आपला मेल आधी मेल-कंपनीच्या मोठ्या संगणकावर येऊन थांबतो, मग आपल्याकडे उतरतो. नियम लिहायचे ते तिथेच. बाई म्हणाल्या, “तुम्ही बसमध्ये डुलक्या घेत असा नाहीतर लॅपटॉप बंद असो, चाळणं तिकडे चालूच. तुमच्या पदरात फक्त दाणे. कोंडा तिकडच्या तिकडे.”

परवा शिकवणार आहेत. मग तुझे मेल मला वेळेवर मिळतील आणि तुझ्याकडे ओरडायला हे कारण उरणार नाही. दुसरं शोधून ठेव.

हवा न खाणारी,
तुझी बहीण


६ जुलै, सकाळी अकरा

दादा,

संगणकवाल्या बाईंनी आत्ता सर्व्हरचं पान उघडून दिलं. पासवर्ड तोच, खातं उघडताना तू ठेवलेला. बदलावा असं मला कधी सुचलंच नाही. ‘नियम’ असं लिहिलेल्या जागी बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे आधीच एक नियम आहे की. तुम्ही लिहिलात?”

मी म्हटलं, नाही.

“मग किल्ली आणखी कोणाकडे आहे?”

मी वाचत होते. जसाच्या तसा उतरवते:

नाव: नंतर सांगू.
पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘भिंगशाळा’ असेल तर: ‘जुने कॅटलॉग’ या कप्प्यात टाका. वाचलेलं अशी खूण करा.

एकच नियम. राजपुत्राच्या विधवेला तू अडवलं नाहीस. टकलाच्या तेलाला अडवलं नाहीस. अडवलंस ते भिंगशाळेला.

बाईंनी समजावून सांगितलं, की माझा लॅपटॉप फक्त समोरची पेटी उपसतो. मागचे कप्पे त्याला दिसतच नाहीत. ते सर्व्हरवर पडून राहतात. म्हणून मला तीन वर्षांत पत्ता लागला नाही. ‘जुने कॅटलॉग’ उघडलं. पाच पत्रं आहेत. अजून वाचलेली नाहीत. बाहेर बाकावर बसून आधी तुला लिहितेय.

तुला आठवतं का बघ. तीन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, भिंगशाळा चालवणाऱ्या थोरल्या बाई दुकानात आल्या होत्या. लाकडी खोक्यात एक जुना मायक्रोस्कोप, बारीक फोकस अडकलेला. तू पुढे खुर्चीवर, मी मागे टेबलाशी. त्या सरळ मागे आल्या आणि मी काम संपवेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्यांनी घडवलेली भिंगं किती दिवस पुसत बसणार? घडवायला शिका. वर्षाचा अभ्यास आहे. अर्ज लिहा.” मी त्याच आठवड्यात लिहिला. तू चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभा होतास. “शुद्धलेखन बघून देऊ?” म्हणालास. दोन वेलांट्या सुधारून दिल्यास.

मग मी रोज सकाळी मेल उघडायचे. एप्रिल, मे, जून. आणि तू विचारायचास, दादा. तू! “आलं का काही?” मी नाही म्हटलं की म्हणायचास, “मोठी माणसं, विसरतात गं.”

मला एवढंच सांग. ‘नंतर सांगू’ यातलं नंतर म्हणजे कधी? तारीख लिही. महिना तरी.


९ जुलै

दादा,

पत्रं वाचली. एकेक करून, तीन दिवसांत. एकदम वाचणं जमलं नाही.

पहिलं: तुमची निवड झाली, पंधरा जूनला या. दुसरं: राहायची खोली ठेवली आहे, खिडकी पूर्वेला आहे, चालेल ना? तिसरं: पत्र मिळालं का? चौथं: सोमवारपर्यंत वाट बघते, तुमच्या जागेवर दोन अर्जदार डोळे लावून बसलेत. आणि पाचवं जुलैतलं. तुला वाचून दाखवते. तू आधी वाचलं असशील तर पुन्हा ऐक.

‘जागा दुसऱ्याला दिली. तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मला वाईट वाटलं नसतं. घर, अडचणी, मी समजू शकते. पण चार पत्रांना एका ओळीचंही उत्तर न देणं, हे तुमच्या हातांकडे बघून मला वाटलं नव्हतं.’

माझी संधी गेली, ते एक. पण तू मला उद्धट ठरवलंस. तीन वर्षं एक बाई मला असभ्य समजत होती आणि मी इकडे त्यांना विसरभोळ्या समजत होते. दोघींनाही तू फसवलंस, आणि ते दोन वेलांट्या सुधारलेल्या हातानं.

संगणकवाल्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांच्या सुया थांबल्या. म्हणाल्या, “त्यांना ‘पुसून टाका’ असाही नियम करता आला असता. मग तुम्हाला जन्मात कळलं नसतं. तेवढी छाती झाली नाही त्यांची.” मी म्हटलं, हो, भित्रा आहे. त्या म्हणाल्या, “असेल. पण अट्टल चोर सुद्धा नाही.” मला ते ऐकायचं नव्हतं. तरी लिहिलं, कारण मी पत्रं लपवत नाही.

काल वहिनीचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती, म्हणजे तू बाजूच्या खोलीत असणार.

“ताई, काल तुमचं पत्र आलं, तेव्हापासून हे धड जेवले नाहीत.”

“मी तीन वर्षं धड शिकले नाही.”

“हे म्हणतात, बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. तुम्ही गेला असतात तर दुकानाला कुलूप लागलं असतं. ह्यांना स्क्रू सुद्धा सरळ फिरवता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“मग ते मला सांगायचं. हात जोडायचे, भांडायचं, रडायचं. मी थांबले असते किंवा गेले असते.”

वहिनी म्हणाली, “हे म्हणतात, परीक्षांचा हंगाम उरकला की सांगणार होते. मग जागाच गेली. मग सांगून काय उपयोग, असं वाटलं.” आणि आणखी हळू: “हे असंही म्हणतात, ताईंना इतकंच जायचं होतं तर त्यांनी एक फोन का नाही केला?”

वहिनीला मी म्हटलं, ठेवते, बस आली. बस आली नव्हती.

तो प्रश्न मला झोंबला. त्याचं उत्तर देईन, पण ते माझ्या वेळेला.

आज फक्त दोन गोष्टी. एक, पासवर्ड बदललाय. नव्यात बाबांचा जन्मदिवस नाही, दुकानाचं नाव नाही, तुझी तर सावलीही नाही. दोन, चाळीस मायक्रोस्कोपसाठी मी धावत येणार नाही. आधी ठरलेला दौरा पूर्ण करीन, कारण त्या गावांना मी शब्द दिलाय. तुला मी कुठलाच शब्द दिलेला नाही. आजवर तू तो मागितलाही नाहीस, गृहीत धरलास.


१५ जुलै

दादा,

दौऱ्यातलं शेवटून दुसरं गाव. खोलीच्या खिडकीतून एका शिंप्याचं दुकान दिसतं. तो माणूस दिवसभर दाराकडे पाठ करून शिवतो. मला आवडला.

आधी गाळणीचं, म्हणजे तुला कळेल की मी नुसती रागावून बसलेली नाही, काम करतेय. बाईंनी शिकवलेल्या रीतीनं चार नियम लिहिले. सगळ्यात वर, ओळखीचे सारे पत्ते: दवाखाने, शाळा, कॉलेजं. त्यांना कोणी अडवायचं नाही, सरळ आत. त्याखाली, ज्या मेलवर माझं नावच नाही, हजार जणांना मिळून आलाय, तो बाजूला. मग खातं बंद करणारे. मग शब्दांचा नियम: लॉटरी, बक्षीस, मोफत. चारशेचे नऊ झाले, दादा! दिवसाला नऊ मेल. बसच्या थांब्यावर उभ्या उभ्या फोनवर वाचून होतात. लॅपटॉप पिशवीतून बाहेर काढावा लागत नाही.

आणि लगेच तोंडावर आपटले. कचऱ्याचा कप्पा रविवारी एकदा चाळायचा असा बाईंचा दंडक आहे. चाळला, तर त्यात एका नवीन डॉक्टरांचा मेल. ‘मोफत नेत्रतपासणी शिबिर, मायक्रोस्कोप तातडीनं दुरुस्त करून हवा.’ मोफत या शब्दानं घात केला. शिबिर सोमवारी होतं. पहाटेची पहिली बस पकडली, दोन तासांत पोचले, आयाबाया रांगेत बसल्या होत्या तिथेच एका स्टुलावर पेटी उघडून काम केलं. डॉक्टर म्हणाले, “उत्तर नाही आलं, मला वाटलं तुम्ही येत नाही.” मी माफी मागितली. कान लाल झाले. चूक सगळी माझीच, कोणावर ओरडायचीही सोय नव्हती.

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “शब्दावर नियम लावू नये. शब्द बिचारा गरीब, कोणाच्याही तोंडात जाऊन बसतो. माणूस बघून लावा. आणि नवख्या माणसाला कधीही पुसायचं नाही, बाजूला बसवायचं आणि जाऊन विचारायचं.” मोफतचा नियम काढून टाकला.

तू मात्र पहिल्याच फटक्यात बरोबर लावला होतास. माणूस बघून.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी फोन का नाही केला?

खरं सांगते. उत्तर आलं नाही तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्या वाईटाच्या खाली थोडं हायसं वाटलं. मी अडतीसची होते. वर्गात सगळी विशीतली पोरं असणार. चाकावर काच धरायची, मिलिमीटरचा हजारावा भाग चुकला तर भिंग वाया. मी नापास झाले असते तर दुकानात परत येऊन तुझ्यासमोर कशी बसले असते? ‘बोलावलं नाही’ हे ‘जमलं नाही’ यापेक्षा सोपं होतं. म्हणून नाही केला फोन. तीन वर्षं मी स्वतःशीही हे बोलले नव्हते.

झालं समाधान? पण यानं तू सुटत नाहीस. ती भीती माझी होती. तिला सामोरं जायचं का पाठ दाखवायची, हे मी ठरवायचं होतं. मी पळाले असते तर माझ्या पायांनी पळाले असते. तू मला जागेवरच ठेवलंस आणि वर विचारतोस, चाललीस का नाही?

अठरा तारखेला दौरा संपतो. घरची गाडी संध्याकाळची असते. मी सकाळच्या बसचं तिकीट काढलंय, भिंगशाळेच्या गावाचं. ही परवानगी मागितलेली नाही, कळवलंय.


२२ जुलै

दादा,

पोचले. आणि परत फिरले नाही.

दुमजली इमारत आहे, बाहेरून गोदामासारखी. आत शिरलं की पाण्याखाली वाळू घासल्यासारखा आवाज, बारा चाकांचा. काचेला चकाकी आणायची एक तांबडी भुकटी असते, ती प्रत्येकाच्या नखात बसलेली. दाराच्या मुठी तांबड्या, चहाचे कप तांबडे.

थोरल्या बाई टेबलाशी हातात एक भिंग घेऊन उजेडासमोर फिरवत होत्या. मी म्हटलं, “ओळखलंत का?”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे. “ओळखलं. उत्तर न देणाऱ्या.”

“उत्तर आज आणलंय,” म्हणून मी फोन त्यांच्यापुढे ठेवला. तो कप्पा, तो नियम, ती पाच पत्रं. त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. सावकाश, स्वतःचं नसल्यासारखं. पाचव्याशी थांबल्या.

“हे मी लिहिलं?”

“तुम्हीच.”

“बरंच तिखट आहे.”

“लागलं मला.”

“लागायलाच लिहिलं होतं. चुकीच्या माणसाला लागलं.” त्यांनी फोन उलटा करून ठेवला. “कोणी केलं हे?”

तुझं नाव घेतलं नाही. तुझ्या अब्रूसाठी नव्हे. माझं पहिलं वाक्य तिथे तुझ्याबद्दल असावं, हे मला नको होतं. “घरातूनच झालं,” एवढं म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मग म्हणाल्या, “जागा नाही. बारा चाकं आहेत आणि बारा विद्यार्थी. शिवाय गेल्या वर्षीपासून वयाची अट घातली आहे. पस्तीस.”

“मी एकेचाळीस.”

“मग कसं व्हायचं?”

मी म्हटलं, “बसायला जागा नसली तर उभी राहून शिकेन. आणि अट तुम्ही लिहिली आहे. तुम्हाला खोडता येईल.”

त्यांनी चष्मा काढून मला पुन्हा पाहिलं. “दुकानात तुम्ही अशा बोलत नव्हतात.”

“दुकानात मी दुकानाची होते.”

त्या हसल्या नाहीत. उठल्या, मला जिन्यानं वर घेऊन गेल्या. एका खोलीत शाळेचे स्वतःचे सतरा मायक्रोस्कोप पडलेत, धूळ खात. भिंगं घडवणाऱ्यांना यंत्रं जुळवायला फुरसत नसते म्हणे. ठरलं ते असं. सकाळी मी हे सतरा उभे करायचे. दुपारी जे चाक रिकामं असेल त्यावर मी. कोणी जेवायला उठलं, कोणी आजारी पडलं, की ती माझी जागा. राहायला खोली आहे. खिडकी पूर्वेला नाही, ती खोली आता दुसऱ्या कोणाची तरी आहे. माझी खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते. चालतं मला.

परवा पहिलं भिंग घासलं आणि वाया घालवलं. मधोमध ओरखडा. शेजारच्या चाकावरची मुलगी, माझ्या निम्म्या वयाची, म्हणाली, “काकू, जाड भुकटीवरून बारीकवर येताना हात धुतला नाहीत तुम्ही. एक कण राहिला असणार.” तिचं बरोबर होतं. जिची भीती वाटून मी तीन वर्षं फोन केला नाही, ती गोष्ट ही. कोणी मेलं नाही. हात धुतले आणि दुसरी काच घेतली.

आता तुझं. वहिनी फोनवर म्हणाली, की कॉलेजवाले रोज विचारतायत आणि तू ‘बहीण येईल’ असं सांगतोयस. सांगू नकोस. मी येणार नाही. माणूस ठेव, नाहीतर स्वतः बस. अवजारं टेबलाच्या दुसऱ्या खणात आहेत, लहान पेचकस डाव्या बाजूला. बाबांनी शिकवायला तुलाही हाक मारली होती. तू गिऱ्हाईक आलं म्हणून उठलास आणि परत बसलाच नाहीस. वय काढू नकोस. तू एकावन्नचा आहेस आणि मी एकेचाळिसाव्या वर्षी उभी राहून शिकतेय.


१० सप्टेंबर

दादा,

पाकीट मिळालं. तुझं अक्षर किती वर्षांनी पाहिलं. शेवटचं बहुतेक त्या दोन वेलांट्या.

आत पत्र असेल, पाच-सहा पानं, ‘कारण’ आणि ‘पण’ यांनी भरलेली, असं वाटलं होतं. फोडायच्या आधी मी माझी उत्तरं पण जुळवून ठेवली होती. निघाला एक कागद. मायक्रोस्कोपचं चित्र, फोकसचं चाक चुकून आरशाच्या खाली काढलेलं, आणि बाण. खाली तू लिहिलंयस: ‘बारा झाले. तेराव्याचं काच ठेवायचं स्टेज आपोआप खाली घसरतं. फोकस टिकत नाही. आधी कोणता स्क्रू काढू?’

आणि त्याखाली: ‘नियम मीच लिहिला. तुझ्या वहिनीला काही माहीत नव्हतं.’

एवढंच. मी कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. शेजारच्या चाकावरच्या मुलीनं विचारलं, “काकू, वाईट बातमी?” मी म्हटलं, “नाही गं. माझा भाऊ स्क्रू काढतोय.” तिला काय कळणार.

तू माफी मागितलेली नाहीस, म्हणून मीही त्यावर काही बोलत नाही. कबूल केलंस, तेवढं पोचलं. बारा खरंच तूच केलेस ना? वहिनीला विचारीनच.

आता नीट वाच, वरच्या दोन ओळी नव्हे, सगळं.

कुठलाही स्क्रू काढू नकोस. ते खोलायचं दुखणं नाही. चित्रात तू एकच चाक काढलंयस, पण मोठ्या फोकसची चाकं दोन असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांत एकेक धर. डावं घट्ट धरून ठेव आणि उजवं पुढच्या दिशेनं आवळ, अगदी थोडं. स्टेज थांबलं का बघ. नाही थांबलं तर आणखी थोडं. जोर करायचा नाही, तुला सवय आहे जोर करायची. फार आवळलंस तर चाक फिरणारच नाही आणि कॉलेजातली पोरं शिव्या देतील. जिथे स्टेज जागेवर राहतं आणि तरी एका बोटानं हलतं, तिथे सोडून द्यायचं.

मी या वर्षी परत येणार नाही. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी मी ठरवीन आणि ठरलं की कळवीन. सहावं भिंग काल बिनओरखड्याचं निघालं. थोरल्या बाईंनी ते उजेडासमोर धरलं, काही न बोलता माझ्या हातात परत दिलं आणि पुढच्या चाकाकडे गेल्या. इथे त्याला शाबासकी म्हणतात.

दुकानाचा मेल मी सोडला. माझ्या गिऱ्हाइकांना कळवलंय. नवा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. त्याला गाळणी आहे, सर्व्हरवर, मीच लावलेली, आणि तुझ्यासाठी त्यात एकही नियम नाही. लिहिशील ते थेट माझ्यासमोर येईल. नाही म्हणायचं झालं तर मी वाचून म्हणेन, तुझ्या तोंडावर म्हणेन.

चौदावा अडला तर लिही.

तुझी बहीण